पोटात ठेवायची गोष्ट

टपालवाल्याने पाकीट हातात दिलं तेव्हा त्यावर लाखेचा शिक्का होता. बायजाने अंगठा उठवून ते घेतलं आणि तीन दिवस फडताळात ठेवून दिलं. फोडून उपयोग नव्हता. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला येतं त्याच्यापुढे ते धरायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

खारवेळी हे अलिबागहून रेवदंड्याला जाताना समुद्राच्या अंगाला लागणारं गाव. एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी शिरणारं खाजण, मध्ये ऐंशी-नव्वद घरं. त्यातली निम्म्याहून जास्त पोरं बायजाच्या हातावर जन्मलेली. ती गावची सुईण. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, बोलायला कमी. नवरा धर्माजी सोळा वर्षांपूर्वी मुंबईला गिरणीत लागला आणि तिथेच दुसरी बाई करून राहिला. बायजा बापाच्या पडक्या घरात परत आली, छपराला नवी कौलं घातली, एक शेळी बांधली आणि आईचं काम पुढे चालवलं.

सुईणीला काय काय कळतं, ते सुईणीलाच ठाऊक. कुठलं मूल किती महिन्यांचं, कुठल्या सुनेच्या पाठीवर कशाचे वळ, कुठल्या घरातून कळा सुरू होण्याआधीच रडणं ऐकू येत होतं. बायजाने यातलं एक अक्षर कधी या घरातून त्या घरात नेलं नव्हतं. बायका तिला बोलवायच्या त्यात तिच्या हाताइतकाच तिच्या तोंडाचाही भरवसा होता.

पाकिटाची गोष्ट अशी. आदल्या थंडीत किहीमच्या बंगल्यात हवा खायला आलेल्या एका पारशी शेठाणीला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. मूल आडवं होतं. अलिबागचा डॉक्टर दौऱ्यावर. कोणीतरी बायजाला बैलांच्या दमणीत घालून नेलं आणि दुपारपर्यंत आई आणि मूल दोघं सुखरूप होती. शेठने वीस रुपये दिले, लुगडं दिलं, आणि खिशातून घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीचं एक तिकीट काढलं.

"हेपन घे," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "नंबर लागला तर तुजा नशीब. नाव काय लिवू?"

"माजं नाव तुमाला ठावं हाय."

"खरा नाव नको लिवू. इथे खोटा नाव चालते. नंबर लागला ना, तर पेपरमधी तेच छापते. मग चोर येत नाय, सगेवाले येत नाय."

बायजाने थोडा विचार करून मेलेल्या आईचं नाव सांगितलं. "गोदू लिवा."

तिकीट तिने पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि विसरून गेली. तेव्हा पौष होता. आता चैत्र लागला होता, सन बत्तीसचा.

चौथ्या दिवशी ती पाकीट घेऊन बाळाजी मास्तरांकडे गेली. मास्तर गावच्या चार इयत्तांच्या शाळेचे. लोकांची पत्रं वाचून द्यायचे, अर्ज लिहून द्यायचे, आणि मुंबईच्या एका साप्ताहिकाला 'आमच्या बातमीदाराकडून' म्हणून तालुक्याच्या बातम्या पाठवायचे. त्याचे पैसे मिळत नसत, पण अंक आला की मास्तर तो आठवडाभर बगलेत मारून फिरत.

"मास्तर, यात काय असंल ते असू द्या. पन ते तुमच्यात न् माझ्यात ऱ्हायला पायजे."

"बायजे, अख्ख्या गावाची पत्रं माझ्याकडे येतात. कधी कोणाचं बाहेर गेलंय?"

गेलं होतं. बायजाला ते माहीत होतं. पण गावात हाताने लिहिलेलं पत्र नीट वाचणारा दुसरा होता तो तलाठी, आणि तो त्याहून वाईट.

मास्तरांनी पाकीट फोडलं, चष्मा पुसला, एकदा मनात वाचलं आणि मग मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. शेठच्या पेढीवरच्या कारकुनाने लिहिलेलं पत्र होतं. तिच्या तिकिटाला सत्तावीस हजार रुपयांचं बक्षीस लागलं होतं. पेपरात फक्त 'गोदू' असं छापून आलं होतं. ज्याच्या हातात तिकीट त्याचा पैसा, म्हणून ते जिवापलीकडे जपावं. शेठ विलायतेला गेले आहेत, वैशाखाच्या शेवटाला परततील, मग तिकीट घेऊन पेढीवर यावं. आणि शेवटी रेघ मारून लिहिलं होतं: तोवर कोणालाही काही सांगू नये.

सत्तावीस हजार म्हणजे किती, हे बायजाला नीट कळलं नाही. गावातल्या सगळ्या वाड्या विकत येतील एवढे, असं मास्तर म्हणाले. ती घाबरली. पत्र कमरेला खोचून ती उठली आणि पुन्हा म्हणाली, "तुमच्यात न् माझ्यात, मास्तर."

"अगं, शपथ घेऊ का?"

"नको. शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला.

ती तिथून घरी गेली, डब्यातून तिकीट काढलं आणि मशिदीपलीकडच्या मोहल्ल्यात हुस्नबानूकडे गेली. हुस्नबानूचा नवरा बदरुद्दीन सुपारीचा व्यापारी, त्याचा स्वतःचा शिडाचा मचवा माल भरून मुंबईला जायचा. हुस्नबानूची पाची मुलं बायजाने सोडवलेली.

"हुस्नबानूबी, ह्यो कागद ठेवाल का? काय हाय ते इचारू नका."

हुस्नबानूने कागदाकडे पाहिलंही नाही. "अमानत हाय, ठेवते," ती म्हणाली आणि आपल्या निकाहाच्या पेटीत तळाशी सारून कुलूप लावलं. मग तिने बायजाला चहा दिला आणि मुंबईला डोंगरीत दिलेल्या लेकीला सातवा लागल्याचं सांगत बसली.

त्यानंतर नवव्या दिवशी बायजा मीठ आणायला नामाच्या दुकानात गेली. फळीवर बसलेली चार माणसं एकदम गप्प झाली. नामाच्या हातात साप्ताहिकाचा अंक होता.

"काकी, पेपरात आलीस की तू."

"काय आलंय?"

नामाने बोट धरून वाचलं. खारवेळी येथील सुईण बायजाबाई धर्माजी हिला घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीत सत्तावीस हजारांचे घबाड लागले असून तिने 'गोदू' या टोपणनावाने तिकीट घेतले होते. सदर बाई निरक्षर असून गावाच्या उत्तरेस खाजणाच्या काठी एकटीच राहते.

बायजाने ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. एकटीच राहते. मास्तरांनी चोरांना पत्ता लिहून दिला होता, आणि दारावर कडी नाही एवढंच सांगायचं बाकी ठेवलं होतं. मीठ न घेताच ती घरी आली.

त्या दिवसापासून तिचं अंगण तिचं राहिलं नाही. चुलतभाऊ भिकू, ज्याने तिच्या बापाच्या दहाव्यालाही तोंड दाखवलं नव्हतं, तो सहकुटुंब येऊन बसला आणि मुलीचं लग्न काढलंय म्हणाला. देवळाच्या कळसासाठी माणसं आली, आणि त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या गावच्या देवळाचीही आली. माणगावहून एकजण मोटार विकायला आला. अलिबागचा फोटोवाला पेटी आणि तिकाटणं घेऊन आला आणि नको म्हटल्यावरही कुंपणाशी उभं राहून तिचा शेळीला पाला घालतानाचा फोटो काढून गेला. ती सगळ्यांना एकच सांगत होती, "माज्याकडं काय न्हाय." कोणी ते खरं मानलं नाही. खोटं बोलते म्हणून तोंडावर रागावणारेही निघाले, जणू तिने त्यांच्याच खिशात हात घातला होता.

एका दुपारी ती पाणी भरून आली तर घराचं दार सताड उघडं होतं. कणगीतले तांदूळ जमिनीवर ओतलेले, पत्र्याचा डबा पिचवलेला, चूलसुद्धा उकरलेली. बाळंतपणाच्या कामाचं गाठोडं सोडून त्यातले धुतलेले फडके चिखलाच्या पायांनी तुडवले होते. बायजा ते फडके गोळा करत बसली. तांदळाचं तिला एवढं वाटलं नाही. त्या फडक्यांना हात लावायच्या आधी ती स्वतःचे हात दोनदा धूत असे.

तिने पाटलाला सांगितलं. पाटील म्हणाला, "एवढा पैसा घरात ठेवायचा कशाला?"

मग धर्माजी आला. रेवसच्या लाँचने उतरून, मोटारीने, डोक्याला टोपी घालून, बरोबर वकिलाकडचा एक माणूस घेऊन. बायजा खाजणातून लाकूडफाटा घेऊन आली तेव्हा तो ओटीवर पाय पसरून विडी ओढत बसला होता. सोळा वर्षांत तो अंगाने सुटला होता आणि पुढचे दात पडले होते. तिने त्याला ओळखलं ते पायाच्या तुटक्या नखावरून.

"उठा तिथनं," ती म्हणाली.

"नवरा आलाय. पानी तरी इचार."

"घर माज्या बाचं हाय. उठा."

धर्माजीने बरोबरच्या माणसाकडे पाहिलं आणि पाठ केल्यासारखं बोलला. "मी वकिलाकडं जाऊन आलोय. लगीन झालेल्या बाईला परक्यानं काय दिलं, नायतर तिनं हातच्या कसबावर काय मिळवलं, तर त्याच्यावर ताबा नवऱ्याचा. आपली सोडचिठ्ठी झालेली न्हाय. तिकीट दे, म्हंजे कोर्टाची पायरी नको."

बायजाने लाकडं खाली टाकली. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात घेतलं नव्हतं. ते आता तिच्या तोंडून निघालं आणि तिला काहीच वाटलं नाही.

"धर्माजी, सोळा वरसं मी ह्याच कसबावर पेज खाल्ली. तवा आठ आन्यातले चार आने मागाय तू आला न्हाईस. मला हिवताप झाला, मी ह्याच ओटीवर दोन दिस पडून व्हते, तवा तुजा वकील कुटं व्हता?"

"त्ये जुनं झालं."

"तिकीट माज्याकडं न्हाय. घर उकरून झालंय, तूपन उकर."

तो खरोखरच उकरायला लागला. आणि गेला नाही. भिकूच्या घरी जेवायचा, दिवसभर बायजाच्या ओटीवर बसायचा आणि ती कुठे जाते, कोणाशी बोलते, ते पाहायचा. बायजा सगळं सहन करत होती ते वैशाखाच्या शेवटाकडे डोळे लावून. पण त्या सुमारास जे घडलं त्याने तिचा बांध फुटला.

गावकुसाबाहेरच्या एका घरातली जनी पहिलटकरीण होती. तिला सातव्या महिन्यापासून बायजाच बघत होती. एका सकाळी बायजाला वाटेत कळलं की जनीचं बाळंतपण झालं आणि मूल गेलं. ती धावत गेली. जनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाळ मुलाच्या गळ्याला दोन वेढे घालून बसली होती, जनीच्या सासूला ती सोडवता आली नाही. बायजाने असल्या कितीतरी नाळा बोटाने सोडवल्या होत्या.

"मला का न्हाय बोलावलंत?"

सासूने पदर तोंडाला लावला. "कसं बोलावू, बायजा? तू आता हजारोंची धनीन. तुज्या हातावर आठ आने ठेवायची लाज वाटली. म्हटलं, हिला काय दीड-दोन रुपय लागतील आता, ते कुटनं आनू?"

जनीच्या डोक्यावरून हात फिरवून बायजा बाहेर पडली आणि सरळ मास्तरांच्या घराकडे चालू लागली. वाटेत जी कोणी माणसं भेटली ती तिच्या मागे निघाली, कारण हल्ली ती जाईल तिथे कोणी ना कोणी मागे असायचंच. धर्माजीही होता.

शाळा सुटली होती. मास्तर ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. माणसं कुंपणापाशी थांबली. बायजा आत गेली आणि ओटीच्या पायरीशी उभी राहिली.

"मास्तर, तुमी शब्द दिलावता."

"बायजे, तू अशी चिडून का आलीस? मी काय वाईट केलं? गावाचं नाव झालं. तुझं नाव मुंबईपर्यंत गेलं. असं भाग्य किती बायकांना मिळतं?"

"मी मागितलं व्हतं?"

"अगं, बातमी ही बातमी असते. आज ना उद्या कळलीच असती."

कुंपणापर्यंत जाऊ नये म्हणून आवाज दाबून ती म्हणाली, "कशी कळली असती? मी कुनाला बोलले न्हाय. पेपरात गोदू व्हतं. गोदू कोन हे ह्या जगात तुमालाच ठावं व्हतं." मग मात्र बायजाचा आवाज चढत गेला. "एकटी ऱ्हाते म्हून लिवलंत. कुटल्या दिशेला ते लिवलंत. माजं घर फुटलं. सोळा वरसांनी ह्यो मेलेला उटून आला. आज जनीचं पोर गेलं, मास्तर. आठ आन्याच्या लाजंपायी गेलं. त्याची बातमी लिवाल का?"

मास्तर झोपाळ्यावरून उठले. कुंपणापाशी माणसं वाढत होती हे त्यांना दिसत होतं. "हे बघ, जरा हळू बोल. त्या मुलाचं मरण माझ्या माथी मारू नकोस. मी शिकलेला माणूस आहे, लोकांत माझी काही अब्रू आहे."

"अब्रू," बायजा म्हणाली. "तुमच्या अब्रूचं मला सांगता? तुमच्या घरातलं मी काय काय पोटात ठिवलंय? बोलू इथं? सगळी हायेत, ऐकू द्या सगळ्यांना."

मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. त्यांच्या मागे माजघराच्या दारात त्यांची थोरली बहीण भागुबाई येऊन उभी होती, हातात तांदळाचं सूप. भागुबाई विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. बारा वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला तीर्थयात्रेला म्हणून चार महिने लांबच्या मावशीकडे ठेवलं होतं, आणि तिथे बायजाला गुपचूप नेलं होतं. मूल जगलं नाही. त्या खोलीत काय झालं हे चार माणसांना माहीत होतं, त्यातली मावशी वारली. बायजाने बाहेर आल्यावर भागुबाईला पुन्हा कधी तो दिवस डोळ्यांनीसुद्धा आठवून दिला नव्हता.

आता ते वाक्य बायजाच्या ओठांवर होतं. एवढा राग तिला जन्मात आला नव्हता. एक वाक्य, आणि मास्तरांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तिने भागुबाईकडे पाहिलं. सूप भागुबाईच्या हातात हलत नव्हतं, तीही हलत नव्हती.

वाक्य लागणार होतं मास्तरांना, आणि मरणार होती ही बाई. बायजाने ओठ मिटले. हात तिने लुगड्यात घट्ट धरले.

मग भागुबाईने सूप खाली ठेवलं.

"बाळाजी," ती म्हणाली, "ती थांबली. तू थांबला नव्हतास."

"ताई, तू आत जा."

"नाही जात. दौत-टाक घे आणि बातमी खोटी होती म्हणून लिही. आत्ता."

"मी असं कसं लिहीन? साप्ताहिकवाले मला काढून टाकतील."

"टाकू देत. नाहीतर बायजा बोलायची थांबली ते मी बोलते. माझंच आहे, मला कोण अडवणार?"

हे ती इतक्या हळू बोलली की कुंपणापर्यंत पोचलं नाही. मास्तरांना पोचलं. ते खाली बसले आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद बायजापुढे धरला, ती काय वाचणार म्हणून. भागुबाईने तो मध्येच घेतला आणि वाचायला लागली. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. भावाची शाळेची पुस्तकं आणि त्याच्या साप्ताहिकाचे रद्दीतले अंक यांवर ती वीस वर्षांत वाचायला शिकली होती, आणि घरात कोणी तिला विचारलं नव्हतं.

"रकमेबाबत तपशिलात काही चूक झाली असावी," भागुबाईने वाचून दाखवलं. "हे नाही. बातमी निराधार होती, लिही. बातमीदाराने शहानिशा न करता पाठवली, लिही. त्या बाईला उगाच त्रास झाला, हेही लिही."

दुसरा कागद झाला. भागुबाईने तो मोठ्याने वाचला, कुंपणापाशी ऐकू जाईल असा. मग घडी घालून पाकिटात घातला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रस्त्यावर थांबून टपालवाल्याच्या हातात दिला. विधवा बाई रस्त्यावर उभी राहिली म्हणून गावात चार दिवस बोलणं झालं.

अंक आला. गाव आधी गप्प झालं आणि मग हसायला लागलं. भिकूची बायको नाक्यावर म्हणाली, "सत्तावीस हजार व्हय? सत्तावीस शिंपल्या असतील." बायजाने ते ऐकलं. ती खाली मान घालून पुढे गेली, पण घरी आल्यावर तिने घमेलं भिंतीवर आपटलं. तिला लुटणारे जेवढे जिव्हारी लागले होते, त्याहून ते हसणं जास्त लागलं. खरा पैसा तिचा, आणि खोटं तिनेच व्हायचं.

धर्माजी आणखी आठ दिवस राहिला. मग भिकूने जेवण बंद केलं. जाताना त्याने बायजाचा तांब्याचा हंडा आणि शेळी नेली. बायजा वाडीच्या बांधावर उभी राहून बघत होती. तिने अडवलं नाही. अडवलं असतं तर तो थांबला असता.

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात बदरुद्दीनचा मचवा पावसाआधीची शेवटची सुपारी भरून निघाला. हुस्नबानू लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती आणि सोबत सुईण म्हणून बायजाला नेत होती. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत बायजा गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन मचव्यात चढली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सुईण बाळंतपणाला जाणारच.

मचवा सुटल्यावर हुस्नबानूने कमरेची चावी काढून सोबत घेतलेली निकाहाची पेटी उघडली आणि घडी केलेला कागद बायजाच्या हातात दिला. आपल्याकडे काय होतं हे तिला आता अर्थात ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. पण दोन महिन्यांत ती एकदाही त्याबद्दल बोलली नव्हती, नवऱ्याशीसुद्धा नाही.

"बदरुद्दीनभाईंनी इचारलं न्हाय?"

"इचारलं. मी म्हटलं, तुमी तुमचा धंदा बघा."

शेठच्या पेढीवर पंखा फिरत होता. शेठने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. नवऱ्याचा वकील अगदीच खोटं बोलला नाही, असं तो म्हणाला. खटला उभा राहिला तर वर्षानुवर्षं चालेल आणि कोर्टात तिचं नाव रोज पुकारलं जाईल. त्यापेक्षा तिकीट गोदूच्याच नावाने वटवायचं, पैसा त्याच्या पेढीमार्फत यायचा आणि कुठल्याही कागदावर खारवेळीचं नाव यायचं नाही. मग तो जरा चाचरत म्हणाला, सोडतवाल्यांना फोटो पायजे, जाहिरातीसाठी. एक फोटो, त्यात काय बिघडते?

"न्हाय," बायजा म्हणाली.

"गाव लिवणार नाय, फक्त फोटो."

"शेठ, तुमी मला तिकीट दिलंत, तुमचं उपकार हायेत. पन एका मानसानं बातमी म्हून माजं घर फोडलं. आता जाहिरात म्हून तुमी फोडू नका. पायजे तर तिकीट परत घ्या."

शेठ लाजला. फोटो निघाला नाही.

डोंगरीत हुस्नबानूच्या लेकीला मुलगी झाली. बायजा पंधरा दिवस तिथे राहिली आणि पावसात लाँचने परत आली. गावाला वाटलं तेच वाटत राहिलं. जनीच्या पुढच्या बाळंतपणाला तिलाच बोलावलं, मूल जगलं, आणि जनीच्या सासूने आठ आणे मोकळेपणाने हातावर ठेवले. गावातल्या बायका पत्रं वाचून घ्यायला आता मास्तरांच्या ओटीवर जात नसत, मागच्या दाराने भागुबाईकडे जात. बायजाने तिला पैसे देऊ केले तेव्हा तिने घेतले नाहीत. अलिबागहून एक चष्मा आणून द्यायला सांगितला, तेवढाच घेतला. मास्तरांशी मात्र बायजा पुन्हा बोलली नाही. वाटेत दिसले की ती खाजणात उतरून जायची.

दोन वर्षांनी तिने खारवेळी सोडलं. हुस्नबानूचं माहेर दिवेआगरला, नवाबाच्या संस्थानी मुलखात, जिथे अलिबागच्या वकिलांचा हात सहज पोचत नाही. तिथे समुद्राकाठची एक वाडी विकायला होती, साडेतीनशे पोफळी, सत्तर माड, गोड्या पाण्याची विहीर. बदरुद्दीनने ती स्वतःच्या नावावर घेतली आणि वाडी तिचीच असल्याचा वेगळा कागद बायजाला करून दिला, जो हुस्नबानूच्या पेटीत राहिला. गावात सांगितलं ते एवढंच की बदरुद्दीनशेठने वाडीच्या राखणीला एक बाई ठेवली आहे.

ती त्या वाडीत सुखाने राहिली असं म्हणता येईल. पण आपल्याच विहिरीवर पाणी भरताना कोणी 'मालकाला इचारलंस का' म्हटलं की तिचा जबडा आवळायचा. स्वतः लावलेल्या झाडाचा नारळ उतरवतानाही माडावरचा माणूस वरून विचारायचा, शेठला किती धाडायचे. एकदा हुस्नबानू भेटायला आली तेव्हा बायजा म्हणाली, "चोरी करनारा उजळ माथ्यानं हिंडतो, आन् माजं असून मी चोरावानी ऱ्हाते. ह्याचा राग जात न्हाय, बानूबी."

"जायला पायजे असं कुनी सांगितलं?" हुस्नबानू म्हणाली.

त्या वर्षी सुपारी चांगली आली. श्रीवर्धनचा एक व्यापारी भाव ठरवायला आला, बेड्यात, वाडीच्या तोंडाशी, उभा राहून त्याने हाक मारली आणि बाईला बघून विचारलं, मालक कुठे आहेत.

"मालक मुंबईला," बायजा म्हणाली. "भाव मला सांगा."

त्याने सांगितला. तिने खळ्यावरची मूठभर सुपारी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली, एक फोडून दाखवली, आणि त्याच्या भावापेक्षा दीडपट भाव मागितला. तो हसला आणि म्हणाला, राखणदारणीला एवढं कशाला पडलंय. बायजाने सुपारी परत घेतली आणि फाटक उघडून धरलं.

तो बाहेर पडला, रस्त्यापर्यंत गेला, आणि थोड्या वेळाने परत आला.